ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्ह : ध्वनिमुद्रणे कशी मिळवावीत, कशी ऐकावीत, कशी जपावीत

कोल्हापुरात अलीकडे रॅप करणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली आहे, आणि त्यांपैकी काही जण हिप-हॉपची सुरुवात कुठून ऐकावी असे आवर्जून विचारतात. माझे उत्तर ठरलेले असते : न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्ह या संचाची १९७९ ते १९८३ या काळातली ध्वनिमुद्रणे क्रमाने ऐकावीत. मात्र ती नुसती लावून ऐकली तर गोंधळ उडतो. तबकडीवर ज्याचे नाव ठळक छापलेले असते, तो माणूस त्या तबकडीत बहुतेक वेळा वाजवतच नसतो, आणि ज्यांचे श्रम आत असतात त्यांची नावे बारीक अक्षरांत गेलेली असतात. म्हणून या संचाची ध्वनिमुद्रणे ऐकताना प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारावे लागतात : हात कोणाचा, आणि आवाज कोणाचा? ही उत्तरे कशी शोधावीत आणि ध्वनिमुद्रणे आपल्याकडच्या हवेत कशी टिकवावीत, हे मी माझ्या अनुभवातून सांगणार आहे.

सुरुवात वहीपासून करावी. दोनशे पानी साधी वही घ्यावी आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक पूर्ण पान द्यावे. वर गाण्याचे नाव, कंपनी, वर्ष आणि लांबी लिहावी. त्याखाली एका बाजूला लेबलवर काय छापले आहे ते, तर दुसऱ्या बाजूला आपल्याला प्रत्यक्ष काय ऐकू आले ते लिहावे. या दोन बाजू जिथे जुळत नाहीत, तिथेच या संचाचा खरा इतिहास सापडतो.

माणसे ओळखून घ्या

फ्लॅश म्हणजे जोसेफ सॅडलर. त्याचा जन्म १९५८ मध्ये बार्बाडोसमध्ये झाला आणि तो ब्रॉन्क्समध्ये वाढला. शाळेत तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला. त्याच भागात कूल हर्क नावाचा डीजे १९७३ पासून एक वेगळी पद्धत वापरत होता : गाण्यातील ज्या तुकड्यात गायन थांबून केवळ ढोल-ताशांसारखा ठेका उरतो, त्या तुकड्यावर लोक सर्वांत जास्त नाचतात हे ओळखून तो तेवढाच भाग दोन तबकड्यांवरून पुन:पुन्हा वाजवत असे. या तुकड्याला ब्रेक म्हणतात. हर्क सुई अंदाजाने टेकवत असे. फ्लॅशने त्या अंदाजाच्या जागी मोजमाप आणले. संचातले बाकीचे पाच जण गाणारे, म्हणजे एमसी. काउबॉय म्हणजे कीथ विगिन्स, मेली मेल म्हणजे मेल्विन ग्लोव्हर, त्याचा भाऊ किड क्रिओल म्हणजे नॅथानिएल ग्लोव्हर, आधी मिस्टर नेस आणि पुढे स्कॉर्पिओ म्हणून ओळखला गेलेला एडी मॉरिस, आणि फंकी फोर या दुसऱ्या संचातून आलेला रहीम म्हणजे गाय विल्यम्स.

हे पाच आवाज वेगवेगळे ओळखता येईपर्यंत पुढे जाऊ नये. मेली मेलचा आवाज जड आणि ठाम आहे, तो शब्दावर वजन टाकतो. रहीमच्या आवाजात गाण्याचा ओलावा आहे आणि सूर धरायचा असेल तिथे तो पुढे येतो. काउबॉयचा भरदार आवाज गर्दीला हाक देण्यासाठीच घडलेला आहे. क्रिओल आणि नेस यांच्यात फरक करायला मला स्वतःला बराच काळ लागला, तेव्हा पहिल्या दोन-तीन वेळी जमले नाही तर वहीत ती जागा मोकळी सोडावी.

मूळ ध्वनिमुद्रण मिळवताना

आता मिळवण्याविषयी. गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर या संचाच्या नावाखाली मूळ ध्वनिमुद्रणांबरोबरच पुढच्या दशकांत पुन्हा रेकॉर्ड केलेली, नवी वाद्ये भरलेली आणि कापून लहान केलेली रूपेही सापडतात, आणि मुखपृष्ठावरून त्यांतला फरक कळत नाही. लांबी ही पहिली खूण मानावी. 'द मेसेज' मूळ बारा इंची तबकडीवर ७ मिनिटे ११ सेकंदांचे आहे. ते चार मिनिटांत संपत असेल तर आपण कापलेले रूप ऐकत आहोत. 'सुपररॅपिन' सुमारे बारा मिनिटांचे आहे. त्यातले मधलेच एक-दोन तुकडे घेऊन काढलेले रूप ऐकले, तर पाच जणांची शब्दांची देवाणघेवाण कळण्यापूर्वीच गाणे संपते.

तबकडीच घ्यायची असेल तर मुखपृष्ठापेक्षा लेबल आणि त्याभोवतीची गुळगुळीत पट्टी यांवर विश्वास ठेवावा. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या या पट्टीत कोरलेले आकडे असतात, आणि तिरप्या उजेडात धरले की ते वाचता येतात. शुगर हिल कंपनीच्या मूळ बारा इंची तबकड्यांत 'द मेसेज'चा क्रमांक एसएच-५८४ आहे. फ्लॅशच्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील'चा क्रमांक एसएच-५५७ आहे. विकणाऱ्याला या पट्टीचा फोटो मागावा, आणि तो देत नसेल तर व्यवहार सोडून द्यावा. मी एकदा हा फोटो न मागता पैसे पाठवले. आलेल्या पाकिटात मुखपृष्ठ १९८२ चे होते, पण सुई टेकवल्यावर पहिल्या चार ठोक्यांतच ढोलाचा आवाज नव्या यंत्राचा असल्याचे कळले. जवळपास दोन महिन्यांची बचत त्यात गेली. त्यापेक्षाही, ज्या गाण्याची वाट पाहिली ते त्यात नव्हतेच याचे दुःख मोठे होते.

या गाण्यांसाठी बारा इंची तबकडी का, हेही समजून घ्यावे. सात इंची तबकडीवर जागा कमी असल्याने खाचा एकमेकींना खेटून काढाव्या लागतात, आणि खर्जाचा आवाज जितका मोठा तितकी खाच रुंद हेलकावे घेते. बारा इंचांवर एकच गाणे पसरले की खाचांना मोकळी जागा मिळते, त्यामुळे खर्ज भरीव येतो आणि एकूण आवाजही मोठा ठेवता येतो. गणपतीत डॉल्बीसमोर उभे राहिल्यावर छातीत जो ठोका बसतो, त्याची तयारी या तबकड्यांच्या खाचेतच केलेली असते.

यंत्र, वीज आणि पावसाळा

आपल्याकडे रेकॉर्ड प्लेअर अनेकदा अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून येतो, आणि तिथेच एक चूक होते. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची, तर आपली २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची असते. लक्ष्मीपुरीतून ट्रान्सफॉर्मर आणून व्होल्ट उतरवता येतात, पण हर्ट्झ बदलत नाहीत. रबरी पट्ट्याने थाळी फिरवणाऱ्या काही जुन्या यंत्रांतली मोटार विजेच्या हर्ट्झवरच चालते. अशा यंत्रावर मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी आपल्याकडे जेमतेम २७.८ फेरे घेते. गाणे एक षष्ठांशाने संथ होते, मेली मेलचा आधीच जड असलेला आवाज गुहेतून आल्यासारखा वाटतो, आणि ऐकणारा समजतो की हे गाणे असेच आहे. म्हणून कागदावर एक ठळक खूण करून तो लेबलवर ठेवावा आणि घड्याळ लावून फेरे मोजावेत. एका मिनिटात तेहेतीस पूर्ण फेरे आणि वर एक तृतीयांश झाला, तर यंत्र बरोबर आहे. ॲडॉप्टरवर चालणाऱ्या नव्या यंत्रांना आणि क्वार्ट्झने वेग राखणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याशिवाय मोटारच थाळी फिरवते अशा) यंत्रांना ही अडचण येत नाही. व्होल्ट मात्र त्यांचेही तपासावेत.

घरात आजोबांच्या वेळच्या पोवाड्यांच्या किंवा नाट्यगीतांच्या तबकड्या असतील तर त्या या सुईवर लावू नयेत. त्या लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या असतात, त्यांची खाच रुंद असते आणि त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. शिवाय प्लॅस्टिकच्या तबकड्या पुसायच्या काही द्रवांत अल्कोहोल असते आणि ते लाखेला विरघळवते. दोन्ही प्रकार एकाच फडक्याने पुसले गेल्यामुळे चांगल्या तबकड्या वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

पावसाळा हा कोल्हापुरातला खरा शत्रू आहे. जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, भिंतीला ओल येते आणि कागदी पाकिटावर आधी आलेली बुरशी पुढे तबकडीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात उतरते. तबकड्या बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नयेत. त्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, एकमेकींवर आडव्या रचू नयेत. आतले जुने कागदी पाकीट काढून प्लॅस्टिकचे अस्तर असलेले पाकीट घालावे, आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या महिन्यातून एकदा बदलाव्यात. ठिपके आलेच तर डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या मायक्रोफायबरच्या फडक्याने खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल पुसावे. लेबल भिजू देऊ नये, आणि तबकडी पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नये.

कोणत्या क्रमाने ऐकावे

पहिले पान 'वुई रॅप मोर मेलो'चे. १९७९ मध्ये ब्रास या कंपनीने हे काढले आणि लेबलवर संचाचे नाव 'द यंगर जनरेशन' असे छापले. म्हणजे या मंडळींची पहिलीच तबकडी परक्या नावाने निघाली. त्याच वर्षी हार्लेममधल्या बॉबी रॉबिन्सन यांच्या एन्जॉय कंपनीने 'सुपररॅपिन' काढले आणि तिथे नाव बरोबर आले.

'सुपररॅपिन' एका बैठकीत पूर्ण ऐकावे. वादकांचा संच 'सेव्हन मिनिट्स ऑफ फंक' या गाण्याची चाल धरून सतत वाजत राहतो, आणि त्यावर पाचही जण बोलतात. फ्लॅशच्या हाताचे काम इथे ऐकू येत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना कोण बोलते आहे ते हातात पेन्सिल घेऊन पहिल्या अक्षराने लिहीत जावे. मेलीचा म, रहीमचा र, काउबॉयचा क. काही ठिकाणी पेन्सिल मागे पडेल, कारण एकच वाक्य पाच तोंडांतून जाते. एक जण दोन शब्द टाकतो, दुसरा पुढचे उचलतो, आणि वाक्य तुटल्याचे कळतही नाही.

हे गाणे मी शेजारच्या एका काकांना ऐकवले होते. त्यांनी तरुणपणी पोवाड्याच्या फडात झीलकरी म्हणून उभे राहून अनेक वर्षे काढली आहेत. इंग्रजी त्यांना समजत नाही. डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरून त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "ह्यात झीलकरी न्हाईच की रं कोण. समदंच शाहीर हाईत." इतक्या वर्षांत या संचाविषयी याहून नेमके मी काही ऐकले नाही. आपल्याकडे शाहीर कथा पुढे नेतो आणि झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत त्याला श्वास घ्यायला वेळ देतात. इथे प्रत्येक जण शाहीर असतो आणि दुसरा बोलत असतानाच त्याने श्वास घेतलेला असतो. पोवाडा ऐकून तयार झालेला आपला कान या कामी फार उपयोगी पडतो, म्हणून तो बाजूला ठेवू नये.

त्यानंतर 'फ्लॅश टू द बीट' ऐकावे, आणि त्यात १९८० साली बोझो मेको नावाने निघालेले रूप मुद्दाम शोधावे. स्टुडिओत न बनवता प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या टेपवरून परवानगीशिवाय काढलेली ती तबकडी आहे. आवाज धूसर आहे, तरी त्या काळातल्या कार्यक्रमात संच कसा वाजत होता ते त्यातूनच कळते, आणि फ्लॅश बीटबॉक्स म्हणजे ठेका देणारे छोटे यंत्र बोटांनी वाजवताना ऐकू येतो. शुगर हिलने याच नावाचे स्टुडिओतले गाणे १९८२ मध्ये काढले. दोन्ही लागोपाठ लावली की गर्दीसमोरचा आवाज आणि काचेच्या खोलीतला आवाज यांतले अंतर कळते.

१९८० मध्ये संच शुगर हिलमध्ये गेला. न्यू जर्सीतल्या एंगलवूडची ही कंपनी सिल्व्हिया आणि जो रॉबिन्सन या दांपत्याची होती. एन्जॉयच्या बॉबी रॉबिन्सन यांच्याशी त्यांचे नाते नव्हते, केवळ आडनाव सारखे होते. वहीत ही नोंद करून ठेवावी, कारण इथे अनेक जण चुकतात. शुगर हिलचे पगारी वादक होते : बासवर, म्हणजे खर्जाच्या गिटारवर, डग विंबिश, गिटारवर स्किप मॅकडोनाल्ड आणि ड्रमवर कीथ लब्लाँ. डीजे जो ब्रेक तबकडीवरून वाजवतो तो हे वादक स्टुडिओत नव्याने वाजवत, आणि म्हणून डीजेची गरजच उरत नसे. 'फ्रीडम' (१९८०) आणि 'द बर्थडे पार्टी' (१९८१) ऐकताना लेबलच्या बाजूला 'ग्रँडमास्टर फ्लॅश' लिहावे आणि कानाच्या बाजूला या तिघांची नावे. १९८१ च्या अखेरीस आलेले 'इट्स नॅस्टी' टॉम टॉम क्लबच्या 'जीनियस ऑफ लव्ह'च्या चालीवर उभे आहे. ते एकदा ऐकले तरी पुरे.

एक तबकडी, दोन हात

'व्हील्स ऑफ स्टील'वर मात्र थांबावे, आणि जमल्यास पूर्ण रविवार त्यासाठी ठेवावा. १९८१ मध्ये निघालेली ही तबकडी हा फ्लॅशच्या हातांचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. तीन टर्नटेबल, म्हणजे तबकड्या फिरवणारी यंत्रे, आणि त्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर घेऊन त्याने सुमारे सात मिनिटे सलग वाजवले. चूक झाली तर मधूनच दुरुस्ती न करता तो पुन्हा सुरुवातीपासून वाजवत असे. नवे वाद्य त्यात एकही नाही, सगळे आधीच निघालेल्या तबकड्यांतून घेतलेले आहे. शिकच्या 'गुड टाइम्स'चा बास आहे, क्वीनच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'चाही आहे, ब्लाँडीच्या 'रॅप्चर'मधला फ्लॅशचे नाव घेणारा तुकडा आहे, इनक्रेडिबल बाँगो बँडच्या 'अपाची'चे ढोल आहेत, आणि 'फ्रीडम', 'बर्थडे पार्टी' ही आपल्याच संचाची गाणीही आहेत.

आधी ही मूळ गाणी वेगवेगळी ऐकून घ्यावीत. मग वहीचे पान आडवे धरून त्यावर शून्य ते सात मिनिटांची रेघ आखावी आणि प्रत्येक तुकडा सुरू झाला की त्याचे नाव रेघेवर लिहावे. 'गुड टाइम्स'चा बास संपून क्वीनचा बास कोणत्या क्षणी सुरू झाला, हे पहिल्या वेळी हातून निसटते, कारण दोन्ही बास एकमेकांचे भाऊ असल्यासारखे चालतात. ते पकडण्यासाठी मी तो भाग जवळजवळ वीस वेळा ऐकला, आणि एकदा पकडल्यानंतर प्रत्येक वेळी त्या सांध्याशी अंगावर काटा येतो.

फ्लॅशचे मोजमाप हाताने अनुभवायचे असेल तर एक भंगारातली, ओरखडे पडलेली तबकडी घ्यावी. चांगली तबकडी आणि पट्ट्याचे यंत्र या कामाला मुळीच वापरू नये, पट्टा ताणला जातो. डायरेक्ट ड्राइव्ह यंत्राच्या थाळीवरचे रबर काढून शिंप्याकडून आणलेल्या फेल्टच्या तुकड्याची गोल चकती घालावी. फ्लॅशनेही फेल्टच घेतले होते, आणि ते लुळे पडते म्हणून स्टार्च मारून ताठ केले होते. त्यामुळे खालची थाळी फिरत राहते आणि वरची तबकडी बोटाने थांबवता येते. आता लेबलवर कागदी पट्टी चिकटवून ब्रेकच्या पहिल्या ठोक्याशी ती घड्याळातल्या बाराच्या जागी येईल असे करावे. फ्लॅश रंगीत खडूने तबकडीवर खूण करत असे आणि तबकडी घड्याळासारखी वाचत असे.

यातले गणित सोपे आहे. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी एक फेरा १.८ सेकंदांत पूर्ण करते. मिनिटाला ११० ठोक्यांच्या गाण्यात चार ठोक्यांचे एक आवर्तन सुमारे २.१८ सेकंदांचे होते, म्हणजे जवळपास सव्वा फेरा. चार आवर्तनांचा ब्रेक पुन्हा वाजवायचा तर तबकडी पाचाला थोडे कमी इतके फेरे उलट फिरवावी लागते, आणि तीही दुसऱ्या तबकडीवर तोच ब्रेक संपण्याच्या आत, म्हणजे पावणेनऊ सेकंदांत. तबला किंवा हलगी शिकणाऱ्या कोणालाही यातले आवर्तन लगेच ओळखू येईल. खासबागेत कुस्ती रंगात आली की हलगीवाला समेवर येऊन पुन्हा तोच तुकडा उचलतो, तेच काम इथे दोन थाळ्यांवर चालते. दुसरी तबकडी लोकांना ऐकू येण्यापूर्वी ती आपल्या कानात ऐकण्यासाठी फ्लॅशने मिक्सरला हेडफोनचे बटण जोडून घेतले होते, आणि शाळेतले इलेक्ट्रॉनिक्स त्याला तिथे कामी आले.

'द मेसेज' आणि त्यानंतर

१९८२ च्या जुलैमध्ये 'द मेसेज' आले. या पानाच्या दोन बाजूंइतके अंतर दुसऱ्या कुठल्याच पानावर नाही. लेबलवर संपूर्ण संच आहे, आणि आत रॅप करणारे आवाज दोनच : मेली मेल आणि शुगर हिलचा वादक एड फ्लेचर, म्हणजे ड्यूक बूटी. मूळ कल्पना फ्लेचरची होती. संचाला हे गाणे नको होते, कारण लोक नाचायला येतात आणि हे तर वस्तीतल्या काचा, उंदीर आणि थकलेले भाडे यांविषयी बोलते. सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी आग्रह धरला आणि मेल तयार झाला. चित्रफितीत फ्लेचरच्या ओळींवर रहीम ओठ हलवताना दिसतो. बाकीच्यांचे आवाज शेवटच्या प्रसंगात येतात, तेव्हा मित्र नाक्यावर भेटतात आणि पोलिस त्यांना घेऊन जातात.

ऐकताना ठेक्याकडे लक्ष द्यावे. गाणे मिनिटाला सुमारे शंभर ठोक्यांचे आहे, त्या काळच्या नाचाच्या गाण्यांहून संथ. सिंथेसायझरचा छोटा तुकडा येतो आणि त्यानंतर पोकळी राहते, त्या पोकळीत शब्द पडतात. २००२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, तेव्हा तिच्यातल्या पन्नासांत हे होते.

त्याच वर्षीच्या अल्बममधून 'स्कॉर्पिओ' ऐकावे. त्यात माणसाचा आवाज व्होकोडरमधून, म्हणजे तो यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून, काढलेला असल्यामुळे आवाज ओळखण्याचा आपला सराव तिथे चालत नाही. बाकीच्या गाण्यांत स्टीव्ही वंडरला मानवंदना देणारे 'ड्रीमिन' आहे, ते संचाची गाण्याची बाजू दाखवते.

१९८३ चे 'व्हाइट लाइन्स' लिक्विड लिक्विडच्या 'कॅव्हर्न' या गाण्याच्या बासवर उभे आहे. लेबलवर 'ग्रँडमास्टर' आणि 'मेली मेल' ही नावे शेजारी छापलेली आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला फ्लॅश आत आहे असे वाटते. फ्लॅशचा त्यात सहभाग नाही. तोवर नाव आणि मानधन यांवरून तो शुगर हिलविरुद्ध न्यायालयात गेला होता. क्रिओल आणि रहीम त्याच्याबरोबर इलेक्ट्रा कंपनीत गेले, आणि काउबॉय व स्कॉर्पिओ मेलबरोबर राहिले. इलेक्ट्राचे १९८५, १९८६ आणि १९८७ चे अल्बम आणि १९८८ मध्ये सगळे पुन्हा एकत्र आल्यावरचा 'ऑन द स्ट्रेंग्थ' हे एकेकदा ऐकून नोंदवावेत. माझ्या मते पूर्वीची झुंज त्यांत नाही. १९८९ मध्ये काउबॉय गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २००७ मध्ये या संचाला घेतले, तो मान मिळालेला हा पहिला हिप-हॉप संच.

संगणकावर उतरवून ठेवताना

दुर्मीळ तबकडी वारंवार वाजवू नये. एकदा नीट उतरवून घ्यावी आणि अभ्यास त्या प्रतीवर करावा. तबकडीतला खर्ज मुद्दाम कमी करून कोरलेला असतो आणि तो परत भरून काढण्याचे काम फोनो प्रीअँप करतो. प्रीअँपशिवाय तार थेट जोडली तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. 'व्हाइट लाइन्स'चा बास जेमतेम ऐकू येत असेल तर दोष तबकडीत न शोधता आधी ही जोडणी पाहावी. तिथून तार ऑडिओ इंटरफेसला आणि मग संगणकाला जोडावी. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे.

आधी तबकडीतला सर्वांत मोठा भाग वाजवून पातळी उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही अशी लावावी. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर उतरवले तर मिनिटाला सुमारे ३५ एमबी जागा लागते, म्हणजे पूर्ण 'द मेसेज' २५० एमबीच्या आत बसते. साठवताना फ्लॅक स्वरूप निवडावे, त्यात जागा वाचते आणि आवाज जसाच्या तसा राहतो. खरखर घालवण्याचा मोह आवरावा, कारण ती काढणारे सॉफ्टवेअर टाळीची आणि हाय-हॅटची (ड्रमसंचातल्या झांजांची) धारही बोथट करते. मूळ प्रत हात न लावता ठेवावी आणि साफसफाई करायचीच तर दुसऱ्या प्रतीवर करावी. फाइलच्या नावात वर्ष, कंपनी आणि तबकडीचा क्रमांक घालावा. ही प्रत आपल्या अभ्यासासाठी आहे, ती इंटरनेटवर चढवू नये. आधीच ज्यांचे मानधन बुडाले त्यांच्या बाबतीत तरी आपण हे पाळायला हवे.

उतरवून झाल्यावर एक काम शिल्लक राहते. 'द मेसेज'मधले मेली मेलचे शेवटचे कडवे पुन्हा लावावे, ज्यात वस्तीत जन्मलेल्या मुलाची तुरुंगापर्यंतची कहाणी येते, आणि ते कितव्या मिनिटाला सुरू होते ते लिहावे. मग १९७९ चे 'सुपररॅपिन' उघडून तेच कडवे त्यात शोधावे. ते तिथे तीन वर्षे आधीपासून आहे. नाचाच्या ठेक्यावर, बाकीच्यांच्या हाकांच्या गर्दीत ते पटकन म्हटले जाते आणि पहिल्या ऐकण्यात आपण त्यावरून पुढे गेलेलो असतो. दोन्ही वेळा वहीच्या दोन्ही पानांवर लाल शाईने लिहून ठेवाव्यात.